पाहुण्यांकडं जाणं वेगळं, मुंबई फिरणं वेगळं

साताऱ्यात कुणालाही विचारा, मुंबई पाहिली का? "हो की, चिक्कार वेळा!" मग पुढचा प्रश्न विचारायचा: उतरला कुठं होता? कोपरखैरणे, घणसोली, कामोठे, फार तर कळवा. म्हणजे चुलत्यांकडं, मावशीकडं, नाहीतर मेव्हण्याकडं. जाताना पिशवीत कंदी पेढे आणि दोन किलो वाघ्या घेवडा, येताना दादरच्या साडीचं एक पाकीट. याला मुंबई पाहणं म्हणत असतील, तर आपल्या हायवेवरच्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उभं राहिलं तरी मुंबई पाहून होते.

हल्ली यात नवीन भर पडली आहे. पोरं 'सोलो वीकेंड'चे फोटो टाकतात. एक गेटवेचा, एक मरीन ड्राइव्हचा आणि तिसऱ्यात मागं काकूंच्या हॉलमधली शोकेस. दोन्ही गोष्टी एकाच सुट्टीत आणि एकाच तिकिटावर होतात, म्हणून त्या एकच आहेत असं सगळ्यांनी धरून टाकलंय.

पाहुण्यांकडं जाणं म्हणजे काय, हे सातारकराला सांगायला नको. पोचल्यावर पाणी, मग चहा, मग "अंघोळ करून घे", मग जेवण, मग "पड जरा". चारला उठलात की "एकटा नको जाऊस, चुकशील, बंड्याला पाठवते बरोबर." बंड्याला आठवड्यातून एकदाच झोप मिळते. तो तोंड पाडून तुम्हाला सीवूड्सच्या मॉलमध्ये नाहीतर वाशीच्या मिनी सीशोरला नेऊन आणतो. रात्री मटण. यात वाईट काही नाही, मटण तर झकासच असतं. पण ते जाणं-येणं आहे, नातं राखणं आहे. त्यात शहर कुठं आलं? आणि कोपरखैरणे मुंबईत येतच नाही. ते ठाणे जिल्ह्यात आहे आणि तिथं नवी मुंबईची वेगळी महापालिका आहे. एवढं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून मी आता तो वाद सोडून दिलाय.

दोहोंतला फरक म्हणून लोक जे सांगतात, ते बहुतेक किरकोळ आहे. पैसे म्हणाल, तर पाहुण्यांकडं फुकट पडतं हा भ्रम आहे. पेढे, पोरांच्या हातावर ठेवलेल्या नोटा, वहिनींसाठी काहीतरी, सगळं मिळून साध्या लॉजच्या एका रात्रीच्या आसपास जातंच. खाण्याची ददात मुंबईत कुणालाच पडत नाही. रिक्षांचं म्हणाल, तर सायन-वांद्र्याच्या दक्षिणेला त्या नाहीतच. तिथं काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. एकदा कळलं की विषय संपला. कंटाळ्याची भीती मात्र मला खरोखर समजत नाही. वडूजच्या बाजारात जो एकटा दोन तास काढू शकतो, त्याला मुंबईत कंटाळा कसा येईल?

खरा फरक एकच आहे आणि नेमका तोच कुणी धरत नाही: मुक्काम. रात्री पाठ कुठं टेकता, यावर सगळं ठरतं.

लोकांना वाटतं, एकट्यानं फिरणं म्हणजे दिवसा बरोबर कुणी नसणं. म्हणून हिशेब असा होतो: झोपायला काकांकडं, फिरायला एकटा. लॉजचे पैसे वाचले, आईचाही जीव भांड्यात पडला. ऐकायला बिनतोड. आता घड्याळ लावून बघा. पोहे खाल्ल्याशिवाय कुणी घराबाहेर सोडत नाही, म्हणजे निघेपर्यंत साडेनऊ. कोपरखैरण्याहून ट्रान्सहार्बर लोकलनं सानपाडा किंवा वाशी, तिथं गाडी बदलून हार्बरनं सीएसएमटी. दारापासून दारापर्यंत दीड तास सहज. अकराला तुम्ही फोर्टात उतरता, डोक्यावर ऊन, अंगाला घाम. संध्याकाळी सात वाजले की फोन सुरू: "कुठंपर्यंत आलास? जेवायला थांबलोय." थांबलोय म्हटल्यावर माणूस काय करणार? साडेसहापासूनच स्टेशनकडं पाय वळायला लागतात. हातात राहिले अकरा ते साडेसहा, म्हणजे त्या शहराचे सगळ्यात रद्दी तास. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते अकरा, ज्यासाठी जायचं ते तास, एकदा पोह्यांवर आणि एकदा लोकलमध्ये, ताटावर गेले.

त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉक. रुळांची, तारांची कामं रेल्वे रविवारी दुपारीच काढते. हार्बरचा ब्लॉक साधारण अकराच्या सुमाराला लागतो आणि चारच्या पुढं सुटतो. कधी कुर्ला-वाशी बंद, कधी सीएसएमटीकडचा तुकडा बंद. आदल्या दिवशीच्या पेपरात छापून येतं, पण साताऱ्याहून गेलेला माणूस ते वाचत नाही आणि बंड्या झोपलेला असतो.

हा घोळ आळसातून आलेला नाही, त्याला इतिहास आहे. आपले आजे-पणजे मुंबईला जायचे ते लालबाग-परळच्या गिरणीत, नाहीतर मस्जिद बंदर, भायखळ्याच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला. राहायचं गावकीच्या खोलीत. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-वीस माणसं, जेवण खानावळीत. पाटण, जावळी, कोरेगावची कितीतरी घरं अशी चालली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी याच हमालांची संघटना बांधली, 1969 साली माथाडी कायदा झाला. त्या काळी गाववाल्याकडं उतरणं म्हणजे मुंबईत उतरणंच होतं. खोलीचा जिना उतरला की शहर सुरू. मस्जिद बंदराहून व्हीटी चालत.

मग 1982 चा गिरणी संप झाला आणि गिरण्या बसत गेल्या. त्याच दशकात घाऊक बाजार कांदा-बटाट्यापासून एकेक करत वाशीला हलायला लागले. कामामागं माणसं गेली. माथाड्यांची घरं घणसोली-कोपरखैरण्याला झाली, पोरं तिथंच वाढली. पाहुणा खाडीपलीकडं गेला, पण "मुंबईला जातोयस ना, मग काकांकडंच उतर" हा सल्ला अजून मस्जिद बंदरात बसलाय. आजोबांच्या काळात तो बरोबर होता. आज तो ऐकणं म्हणजे महाबळेश्वर बघायचं आणि मुक्काम खाली हायवेवर पाचवडला ठोकायचा.

आता मुक्काम बदलला की काय होतं ते बघा. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. ती साताऱ्यात मध्यरात्रीच्या आसपास येते, त्यामुळं तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. स्टेशन माहुलीकडं, गावाबाहेर आहे, एवढ्या रात्री रिक्षाची सोय आधी करून ठेवा. सकाळी गाडी दादरला थांबली की निम्मा डबा उतरतो. तुम्ही उतरू नका. सीएसएमटीपर्यंत बसून राहा.

त्या स्टेशनाकडं पाठ करून पळत सुटणाऱ्यांचा मला राग येतो. 1888 साली पूर्ण झालेली ही इमारत 2004 पासून जागतिक वारशात आहे. लोक परदेशातून ती बघायला येतात आणि आपली माणसं तिच्यात उभी राहून विचारतात, "इथून बघायचं काय काय आहे?" बॅग क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. महालक्ष्मीचं कन्फर्म तिकीट असेल, तर त्याच्या पीएनआरवर स्टेशनातलीच रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवरून मिळू शकते, पण ती आधीच बघावी लागते. नाहीतर फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, कुलाबा या पट्ट्यात लॉज धरा. खोल्या माचिसच्या पेटीएवढ्या, खिडकी असेलच असं नाही. चालतं. तुम्ही तिथं फक्त झोपायला जाणार. फोनवर एक गोष्ट मात्र विचारून घ्या: एकट्याला खोली देता ना? काही ठिकाणी एकटा माणूस दिसला की उगाच नाकं मुरडतात आणि दारात गेल्यावर "फुल्ल आहे" म्हणतात.

शनिवारी दुपारी, उन्हाच्या वेळी, खोलीवर येऊन अंघोळ करून तासभर पडा. मुक्काम जवळ असण्याचं सुख हेच, आणि ते घणसोलीहून मिळत नाही. पाचला परत बाहेर. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, सातपर्यंत उघडी असते. अंधार पडला की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं. तिथं एकटा बसलेला माणूस कुणाच्या नजरेत येत नाही. साताऱ्यात राजवाड्यावर एकटं बसून बघा, दहा मिनिटांत कुणीतरी येऊन "काय रे, घरी भांडण झालं का?" विचारतं. इराण्याच्या हॉटेलातही तसंच. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी 1904 पासून चालू आहे. तिथं एकट्याला बघून कुणी "बाकीचे कुठायत?" विचारत नाही. ब्रून मस्का चहात बुडवा, समोर अनोळखी माणूस येऊन बसेल, तोही तेच करेल.

आणि रविवारची सकाळ. कचेऱ्या बंद, टॅक्स्या तुरळक. आठवडाभर ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, त्याच्या मधोमध चालता येतं. हॉर्निमन सर्कलवरून एशियाटिकच्या पायऱ्या, तिथून हुतात्मा चौक, तिथून ओव्हल मैदान. ओव्हलवर एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. चेंडू कुणाचा आला यावरून रोज भांडणं व्हायला हवीत, पण होत नाहीत. आला की बघायचंही नाही, मागं फेकायचा. पूर्वेला मान वर केली की हायकोर्ट आणि 1878 चा राजाबाई टॉवर, सगळं कोरीव, टोकदार. पश्चिमेला वळलात की एकदम गोलाकार गच्च्या आणि गुळगुळीत कोपरे, 1930 च्या पुढच्या आर्ट डेको इमारती. त्या समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. या दोन्ही बाजू मिळून 2018 साली जागतिक वारशात गेल्या. हे सगळं सकाळी आठच्या आत पोटभर बघून होतं. अकराला येणाऱ्याला काय दिसतं? उन्हात तळपणारं मैदान आणि पार्किंगचा वाद.

बाकी ठिकाणांची यादी मी देणार नाही, याद्या पोत्यानं आहेत. घारापुरी सोमवारी बंद असते. सिद्धिविनायकाला जायचंच असेल तर भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपर्यंत सुरू आहे, सीएसएमटीहून थेट जाता येतं. 'मुंबई दर्शन'च्या बसमध्ये बसणार असाल तर मात्र काकांकडंच राहा. शिट्टी वाजली की चढायचं असेल तर मग बंड्या काय वाईट?

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरातून "पाहुण्यांकडं राहणार असशील तरच जा" असं म्हणतात, ते पैशासाठी नसतं, काळजीपोटी असतं. यावर भांडू नये, माहिती द्यावी. लॉजचं नाव, पत्ता, फोन आईच्या हातात द्या. स्टेशनजवळचं, तळमजल्यावर माणूस असलेलं, थोडं महागातलं ठिकाण घ्या. इथं पैसे वाचवण्यात अर्थ नाही. लोकलला बायकांचे डबे आहेत, मरीन ड्राइव्हला रात्री उशिरापर्यंत कुटुंबं बसलेली असतात. फोर्टातल्या आतल्या गल्ल्या मात्र रविवारी फारच ओस असतात, तिथं उजाडल्यावर, हमरस्ता धरूनच चालावं. आणि मोठ्या काकांना आधी फोन करून सांगा. मुंबईत येऊन गेली आणि कळवलंसुद्धा नाही, हे नंतर दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या लग्नापर्यंत पुरतं.

तेवढ्यासाठी पाहुण्यांकडं जाच, पण शेवटी. रविवारी ब्लॉक सुटला की चारनंतरची हार्बर धरायची आणि चहाला पोचायचं. जेवायला नाही, चहालाच. "गाडी आहे साडेसातची" हे दारातच सांगायचं, नाहीतर कुकर लागतो. साताऱ्याची बस वाशीहूनच मिळते, दादरला परत जायची गरज नाही. जागेचीही चिंता फार नसते, कारण रविवारी संध्याकाळी सगळा सातारा मुंबईकडं परतत असतो आणि तुम्ही उलट्या बाजूला निघालेले असता. एक्सप्रेसवेवर पलीकडच्या लेनमध्ये घाटात रांग लागलेली असते, तुमची बस मोकळी पळते. शुक्रवारी जातानाही हेच गणित आपल्या बाजूचं असतं, मुंबईकर इकडं येत असतात. फक्त सुट्टीला जोडून सण असेल तर हे धरू नका, तेव्हा दोन्ही बाजूंना तिकीट आधी काढा.