जपानी रणगाड्यांची नावं (१९४५ पर्यंतची)

जुन्या जपानी रणगाड्यांना साधारण दोन नावं असतात, एक आकड्याचं आणि एक अक्षरांचं, आणि गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र वाचताना. आकडा म्हणजे टाइप नंबर, तो जपानच्या शाही सनावरून येतो. शके काढायला आपण इसवी सनातून ७८ वजा करतो ना, तसं इथे ६६० मिळवायचे आणि शेवटचे दोन आकडे घ्यायचे. १९२९ म्हणजे २५८९, म्हणून टाइप ८९. १९३७ चा टाइप ९७. १९४० ला सन बरोबर २६०० झाला तेव्हा आर्मीने १०० लिहिलं आणि नेव्हीने शून्य (झीरो विमानाचं नाव तिथूनच आलं), पुढच्या वर्षापासून सगळे १, २, ३.

नुसत्या आकड्यावर मात्र भागत नाही, कारण ९७ नंबरचा मीडियम टँक आहे तशीच ९७ नंबरची छोटी टँकेटही आहे. म्हणून अक्षरं लागतात. 'ची' म्हणजे मध्यम, 'के' म्हणजे हलका, 'हो' म्हणजे तोफवाला, आणि पुढचं अक्षर म्हणजे क्रम. हा क्रम आपल्या क-ख-गसारखा नाही, तो इरोहा नावाच्या जुन्या कवितेचा आहे, जिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं: इ, रो, हा, नि, हो, हे, तो... म्हणजे ची-हा हा तिसरा मीडियम. गंमत अशी की ची-नूचं अक्षर दहावं पण तो टाइप ३, आणि ची-तोचं सातवं पण तो टाइप ४, कारण ची-तोचं काम आधी सुरू होऊनही तो मागे पडला.

त्याआधीची नावं आणखी वेगळी. फ्रान्सकडून घेतलेल्या रेनॉ एफटीला 'को' आणि रेनॉ एनसीला 'ओत्सु' म्हणत, म्हणजे आपलं अ आणि ब. टाइप ८९ सुरुवातीला लाइट टँक होता, वजन १० टनांच्या वर गेल्यावर त्यालाच मीडियम म्हणायला लागले. सगळ्यात भारी प्रकार टाइप ९२ चा. टँक हे पायदळाचं खातं, त्यामुळे घोडदळाने आपल्या गाडीला टँक म्हटलंच नाही, 'हेवी आर्मर्ड कार' म्हटलं, आणि ही हेवी गाडी जेमतेम साडेतीन टनांची!

फोटोवरून ओळखायचं तर आधी बाजूने मोठी चाकं मोजा. हा-गो (टाइप ९५) ला चार, दोन-दोनच्या जोडीत. ची-हा ला सहा, आणि बऱ्याच गाड्यांच्या टरेटभोवती (टरेट म्हणजे वरचा फिरणारा तोफेचा भाग) घोड्याच्या नालेसारखी अँटेना. ८९ ला बारीक चाकांची रांग आणि मागे खंदक ओलांडायला शेपटी. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये हा-गो आणि ची-हा दोन्ही आहेत. हा-गोचा टरेट जवळून बघा, आत एकच माणूस मावायचा आणि तोच कमांडर, तोच गोळा भरणार, तोच नेम धरणार.