नॅनो चांदी: मागची जवळजवळ दीडशे वर्षं

नॅनो सिल्व्हर, म्हणजे चांदीचे डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक कण, सध्या सगळीकडे दिसायलंय, जखमेच्या पट्टीवर, पाण्याच्या फिल्टरवर, कुठंकुठं तर सॉक्सच्या पाकिटावर पण. त्यात व्हॉट्सअपवर "अँटिबायोटिकचे दिवस गेले, आता चांदी" असले फॉरवर्ड. वाचून वाटतंय कायतरी एकदम नवीन सापडलंय. खरं तर यात नवीन फार थोडं आहे, बाकी गोष्ट लई जुनी आहे आणि ती माहीत असली की फॉरवर्ड किती मनावर घ्यायचा ते आपोआप कळतंय.

आपल्या सीमाभागाला चांदी काय नवी नाही, निपाणीच्या पलीकडं हुपरी आहे, तिथली पैंजणं कुठं कुठं जातात, आणि बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा अजून घेतातच की. आयुर्वेदात रौप्य भस्म आहे. तिकडं जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवलंय की इराणचा राजा सायरस मोहिमेवर निघाला की उकळलेलं पाणी चांदीच्या भांड्यांतून बरोबर न्यायचा. पण यातल्या कुणालाच जंतू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणायची घाई नको.

डॉक्टरी वापर नीट सुरू झाला 1880 च्या सुमारास. जर्मनीत लाइपझिगला कार्ल क्रेडे म्हणून डॉक्टर होते, त्यांनी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली, कारण आईला गोनोरिया (लैंगिक संबंधातून होणारा रोग) असला तर बाळाचे डोळे जायचे. हा उपाय पुढं जगभर गेला. 1889 मध्ये अमेरिकेत कॅरी ली यांनी चांदीचे इतके बारीक कण पाण्यात तयार केले की आजच्या मापानं ते नॅनोच, फक्त तेव्हा तसं कुणी म्हणत नव्हतं. 1893 मध्ये स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ नेगेली यांचं काम छापून आलं, ते स्वतः तोवर वारले होते, त्यात होतं की धातूचा अगदी कणभर अंश पाण्यात उतरला तरी सूक्ष्म जीव मरतात.

मग 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि चांदी कपाटात गेली. एक भाजलेल्यांचा वॉर्ड सोडला तर तिला कुणी विचारेना. तिथं मात्र 1965 ला मॉयर यांनी अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेट परत आणलं, 1968 ला फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम, अजून चालू आहे ते.

चांदी परत आठवली ती अँटिबायोटिक हरायला लागल्यावर. मेथिसिलिन नवंकोरं औषध होतं, 1961 मध्येच त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या पेशंटमधल्या जंतूत एनडीएम-1 नावाचं, अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम मिळालं, आणि मग कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधं पण चालेनात. 2019 या एका वर्षात जगात साधारण 12.7 लाख मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळं झाले असा अंदाज आहे. आपल्याकडं 2014 पासून शेड्यूल एच-1, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांची यादी आहे, 2019 ला कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली, पण दोन गोळ्यांत ताप उतरला की उरलेली पट्टी फ्रीजवर ठेवायची सवय कायद्यानं जात नाही. आणि चंदगड, दोडामार्गकडचे पेशंट पण बेळगावलाच येतात बघा, त्यामुळं जंतू महाराष्ट्राचा की कर्नाटकचा हा वाद इथं चालत नाही.

आता नॅनो केल्यानं होतंय काय, तर एक सेंटीमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या, वजन साधारण तोळाभर, त्याचा पृष्ठभाग फक्त 6 चौरस सेंटीमीटर. तोच 10 नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तुकड्यांत कापला तर पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे जमीन! तेवढ्या पृष्ठभागावरनं चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटतात, जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, वरचं आवरण फाटतंय, आत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी मार, म्हणून जंतूला सुटका अवघड.

यात आपल्या जवळचं मोठं काम पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) झालं, मुरली शास्त्री यांच्या गटानं 2001 च्या सुमारास बुरशीकडून आणि 2004 मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करून दाखवले. आता कुठल्याही कॉलेजात प्रोजेक्ट बघा, कसल्या ना कसल्या पानाचा अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट, पिवळं-तपकिरी झालं की झाला पेपर! 2013 चं बोस्टनचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतंय, तिथं अँटिबायोटिकसोबत थोडी चांदी दिल्यावर आतड्यात राहणाऱ्या ई-कोलायसारख्या जंतूंवर तेच औषध कितीतरी जास्त चाललं, उंदरांवर पण. म्हणजे चांदी अँटिबायोटिकच्या जागी नाही, जोडीला.

आणि फॉरवर्डवाले जे सांगत नाहीत ते हे. चांदीला न जुमानणारे जंतू 1975 मध्येच सापडलेत, बोस्टनच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात, सिल्व्हर नायट्रेट वापरत असताना साल्मोनेला नावाचा जंतू पसरला आणि तीन पेशंट गेले. चांदी बाहेर फेकायची ती जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतात. म्हणून सॉक्समध्ये चांदी घालणं मला तरी येडेपणा वाटतोय. पिणं तर लांबच राहू दे, कोलॉयडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे बारीक कण असलेलं पाणी, पिऊन कातडी कायमची निळसर-करडी झालेली माणसं आहेत, अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 1999 मध्येच सांगितलं की असल्या औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही.

2018 मध्ये चेक शास्त्रज्ञांनी अजून एक दाखवलं, ई-कोलायला नॅनोचांदी परत परत दिली की तो फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन सोडतो, त्यानं कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि चांदी निकामी. त्यावर त्यांना उतारा मिळाला तो डाळिंबाच्या सालीचा अर्क, त्यानं फ्लॅजेलिन बनणंच अडतंय. हे सगळं लॅबमधलं आहे हां, नाहीतर उद्या साल उकळून प्यायचा फॉरवर्ड येईल.