सिक्स्टी फाइव्ह वेगळं, क्रिस्पी वेगळं: कोल्हापुरात तळलेलं चिकन निवडताना

कोल्हापुरात चांगलं तळलेलं चिकन कुठं मिळतं, असं विचारलं की उत्तरं दोन दिशांना जातात. कुणी संध्याकाळी लागणाऱ्या सिक्स्टी फाइव्हच्या (मसाल्यात मुरवून तळलेल्या लहान तुकड्यांच्या ‘चिकन ६५’च्या) गाड्याचा पत्ता देतो, तर कुणी राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातल्या एसी दुकानाचा, जिथं जाड पापुद्र्यांचं क्रिस्पी चिकन मिळतं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात, कारण हे दोन निराळे पदार्थ आहेत. चिकन दोन्हीकडं तेलातच तळतात, पण कापणी, मुरवण, पीठ आणि तेलातला वेळ यांतलं काहीच जुळत नाही. गाड्यावर जाऊन कुरकुरीत कवच शोधलं तर निराशा होते आणि क्रिस्पी खाताना तिखट आतपर्यंत का मुरलं नाही म्हणून नाक मुरडलं तर तोही अन्याय. आधी काय खायचंय ते ठरवावं, मग ठिकाण निवडावं.

घोळ वाढवणारी आणखी दोन नावं इथंच बाजूला काढू. खानावळीतलं ‘चिकन फ्राय’ बहुतेक वेळा शिजवलेलं चिकन तेल-मसाल्यात परतून दिलेलं असतं; ते सुक्क्याच्या घरातलं. चायनीजच्या गाडीवरचं ‘चिकन क्रिस्पी’ म्हणजे पिठात घोळवून तळलेल्या पट्ट्या सॉसमध्ये परतलेल्या. सॉस लागला की कवच मऊ पडतं, म्हणून त्यात तळणीची पारख करताच येत नाही.

सिक्स्टी फाइव्हची सगळी गंमत मुरवणीत

हा पदार्थ मद्रासचा. तिथल्या बुहारी हॉटेलनं तो १९६५ साली आपल्या मेनूवर आणला, असं ते हॉटेल सांगतं. पासष्ट मिरच्या, पासष्ट तुकडे वगैरे कहाण्याही ऐकू येतात, त्या सोडून देऊ. कोल्हापुरात त्याला गाडा मिळाला, वजनावर विक्री मिळाली आणि सोबत चिरलेला कांदा नि लिंबाची फोड आली.

चांगल्या सिक्स्टी फाइव्हमध्ये पीठ चिकनला धरून ठेवण्यापुरतंच असतं. एक किलो चिकनला साधारण १५ ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम आलं-लसूण वाटण, २५ ते ३० ग्रॅम लाल तिखट, एका लिंबाचा रस, एक अंडं आणि सगळी पिठं मिळून १०० ते १२० ग्रॅम. पिठात मोठा वाटा कॉर्नफ्लोअरचा, थोडं तांदळाचं पीठ, मैदा नावाला. तुकडा अडीच ते तीन सेंटिमीटरचा, शक्यतो मांडीचा. छातीचा तुकडा दुसऱ्यांदा तेलात गेला की दोऱ्यासारखा कोरडा होतो. मीठ, तिखट, वाटण लावून दोन ते चार तास मुरवायचं आणि पीठ मात्र तळायच्या आधी लावायचं. सकाळीच पीठ लावून ठेवलं की मिठानं सुटलेलं पाणी त्यात उतरतं, लगदा होतो आणि तळल्यावर तुकड्यावर भज्यासारखी जाड साल चढते.

वजनावर घेताना नेमकं इथंच नुकसान होतं, कारण काट्यावर पिठाचंही वजन येतं. पाव किलो घेण्याआधी शंभर ग्रॅम घ्या आणि एक तुकडा मधून तोडा. कडेला पिठाचा जाड पांढरट थर दिसला तर तुम्ही मैद्याचे पैसे मोजताय. चांगल्या तुकड्यात लाल कड संपते तिथंच चिकनचे धागे सुरू होतात.

गाड्यावर तळणी दोनदा होते आणि त्यात लपवाछपवी काही नाही, रीतच ती आहे. पहिल्यांदा साधारण १७० अंश सेल्सिअसच्या तेलात चार-पाच मिनिटं, मग गिऱ्हाईक आल्यावर १८५ च्या आसपास मिनिट-दीड मिनिट. पहिल्या तळणीनंतर आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थरात येतो. दुसरी तळणी तो घालवते, म्हणून साल खुटखुटीत होते. बिघडतं ते या दोन तळण्यांच्या मधल्या वेळात. अर्धवट तळलेला ढीग दुपारपासून परातीत उघडा असेल तर भीती खरी आहे. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ चिकन त्यात राहू नये. चांगला गाडेवाला थोडं थोडं तळतो, परात रिकामी झाली की पुढचा घाणा सोडतो. गर्दीच्या गाड्यावर खावं असं म्हणतात त्याचं खरं कारण हे आहे.

आता रंग. भडक लाल सिक्स्टी फाइव्ह तिखट असतंच असं नाही. आपल्याकडं रंगाला ब्याडगी आणि जाळाला संकेश्वरी, अशी मिरचीची विभागणी घराघरात माहीत आहे. दोन्ही मिरच्या शेजारून येतात, त्यामुळे खाण्याचा रंग घालायची गरजच नाही. निपाणीपलीकडं कर्नाटकात जून २०२४ मध्ये कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरायला सरकारनं बंदी घातली, ती रंग घालायच्या याच सवयीमुळे. ओळखायची सोपी खूण सांगतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. खाण्याचे कृत्रिम रंग मात्र पाण्यात चटकन विरघळतात. एक तुकडा साध्या पाण्याच्या ग्लासात टाका. पाणी लगेच गुलाबी-लाल झालं तर रंग घातलाय. वर नुसते तांबूस तेलाचे थेंब तरंगले तर मिरची. ग्लास नसेल तर डिशमधला लिंबू पिळलेला पांढरा कांदा बघा. तो दोन मिनिटांत गुलाबी झाला की तीच खूण.

एक कोल्हापुरी चूकही सांगायला हवी. चव आपली व्हावी म्हणून काही जण मुरवणीतच कांदा-लसूण चटणी घालतात. तिच्यात सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा असतो. हे कण कढईत सुटतात, तळाशी करपतात आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवट वास देतात. चटणी हवीच असेल तर तळून निथळलेल्या गरम तुकड्यांवर भुरभुरावी. जिथं असं करतात तिथं तेल स्वच्छ राहतं आणि चटणीचा वासही जिवंत राहतो.

क्रिस्पीची परीक्षा पापुद्र्यात आणि हाडाजवळ

क्रिस्पीचा वंश अमेरिकेतल्या दक्षिणेकडचा. हाडासकट मोठे तुकडे, खारवलेले, कोरड्या पिठात घोळवलेले. हार्लंड सँडर्स यांनी केंटकीत प्रेशरखाली चिकन तळायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत त्यांची पहिली फ्रँचायझी उघडली. त्यांची साखळी, म्हणजे केएफसी, भारतात १९९५ मध्ये बंगळुरूत आली. पाट्यांवर दिसणारा ‘ब्रोस्टेड’ (म्हणजे प्रेशरखाली तळलेलं) हा शब्द मात्र वेगळ्या अमेरिकन कंपनीचा ट्रेडमार्क आहे. आपल्याकडं तो सरसकट वापरतात, म्हणून नुसत्या पाटीवर विसंबू नये. ‘प्रेशर फ्रायर आहे की उघडी कढई?’ एवढं विचारावं.

फरक पडतो तो असा. प्रेशर फ्रायरमध्ये झाकण घट्ट असतं, चिकनमधल्याच पाण्याची वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. त्यामुळे तुकडा लवकर शिजतो आणि रस कमी उडतो. आतून तो जास्त रसाळ, पण कवच त्या मानानं नरम. उघड्या कढईत वेळ जास्त लागतो, कवच मात्र खडखडीत होतं. ज्यांना ‘कुर्रर्र’ आवाज हवा त्यांनी उघड्या तळणीचं दुकान शोधावं. लहान मुलांसाठी, वयस्करांसाठी प्रेशर फ्रायरमधलं बरं. घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल घालून हा प्रयोग कुणीही करू नये. ती रिंग आणि तो व्हॉल्व्ह उकळत्या तेलासाठी बनवलेले नसतात, भाजण्याचे अपघात होतात.

क्रिस्पीत चव आत नेण्याचं काम मिठाचं पाणी किंवा ताक करतं. लिटरला ५० ते ६० ग्रॅम मीठ, फ्रीजमध्ये सहा ते बारा तास. मग मसाल्याचा मैदा, क्षणभर गार पाण्यात बुडी, पुन्हा मैदा. दुसऱ्या वेळी तुकडा पिठात दाबून, चोळून, उचलून झटकायचा. त्यातूनच ते खवल्यांसारखे पापुद्रे सुटतात. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. ही विश्रांती घाईच्या वेळी गाळली जाते आणि मग कवच तेलात सुटतं किंवा पहिल्याच घासाला टोपीसारखं अख्खं निघून येतं. क्रिस्पी नापास होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

उघड्या तळणीत तेल १६५ ते १७० अंश आणि वेळ १२ ते १५ मिनिटं, मांडीला थोडा जास्त. एकदम खूप तुकडे सोडले की तेल वीस अंशांनी सहज खाली येतं, पीठ तेल पितं, कवच जड होतं. तेल जास्त तापलं तर उलट: बाहेर काळपट, हाडाजवळ कच्चं. आतलं तापमान ७४ अंश व्हायला हवं. थर्मामीटर नसला तरी कान मदत करतो. सुरुवातीला तडतडीचा मोठा कल्लोळ असतो, तो पाणी उडाल्याचा. तो आवाज उतरून बारीक झाला की तुकडा होत आलाय.

हाडाजवळ लालसर-जांभळट डाग दिसला की बरेच जण ‘कच्चं दिलं’ म्हणून परत करतात. दर वेळी ते कच्चंच असतं असं नाही. कोवळ्या कोंबडीचं हाड सच्छिद्र असतं, त्यातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, आणि फ्रोझन चिकनमध्ये तर जास्तच. रंगापेक्षा मांस बघा. ते धाग्याधाग्यानं सुटत असेल, रस स्वच्छ असेल आणि सांधा सहज वळत असेल तर झालंय. मांस चकचकीत, जेलीसारखं, हाडाला चिकटून रबरासारखं ताणत असेल तर बिनदिक्कत परत करा.

दुकानात गेल्यावर काचेच्या गरम पेटीत किती माल पडलाय ते आधी बघावं. ताजं तळायला पंधरा मिनिटं लागणारच. मागणी दिल्यावर दोन मिनिटांत ताट आलं तर ते पेटीतलं. सिक्स्टी फाइव्ह दोन मिनिटांत आलं तर मात्र काही बिघडत नाही, ते तसंच यायचं. एकच घड्याळ दोघांना लावता येत नाही. सोबतच्या मेयोनीजबाबतही विचारावं. कच्च्या अंड्याचं असेल आणि बाहेर ठेवलेलं असेल तर घेऊ नये. तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती.

तेल, वार आणि पार्सल

तेलाची पारख दोन्हीकडं सारखीच. अन्न सुरक्षेच्या नियमाप्रमाणे तळणीच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल फेकायचं. हा नियम जुलै २०१८ पासून आहे. आपल्या हातात मीटर नसतो, पण डोळे असतात. चिकन सोडण्याआधीच धूर, न विरणारा पिवळट फेस, झाऱ्यावरून मधासारखी चिकट धार आणि जुन्या ऑइलपेंटसारखा वास, यांतल्या दोन खुणा दिसल्या तर तिथून निघावं. नुसतं गडद तेल मात्र वाईटच असं नाही, तिखटाच्या मुरवणीनं पहिल्या तासातच रंग चढतो. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर लावलेला असावा, गाड्यालाही नोंदणी लागते.

वाराचा हिशेब कोल्हापुरात फार उपयोगी. बुधवारी आणि रविवारी माल हलतो, परात आणि पेटी दोन्ही सारख्या रिकाम्या होतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण उठाव कमी. नवी जागा पहिल्यांदा बघायची तर चालत्या वारी जावं. पण ती जागा खरोखर चांगली आहे का, हे मंद वारी कळतं. गिऱ्हाईक नसताना जो कमी माल आणतो आणि ताजं तळून देतो, त्याच्याकडं डोळे झाकून जावं.

पावसाळ्यात रंकाळ्याकडून फुलेवाडीला किंवा कळंब्याला पार्सल न्यायचं असेल तर सिक्स्टी फाइव्हच घ्यावं. त्याची चव मुरवणीत आहे, साल थोडी नरमली तरी पदार्थ उरतो. क्रिस्पीचं बंद डब्यात दहा मिनिटांत भिजलेलं पाकीट होतं, त्यातून आषाढातली दमट हवा. न्यायचंच तर कागदी खोका मागा, झाकण अर्धवट उघडं ठेवा, सॉस वेगळा घ्या. घरी सिक्स्टी फाइव्ह तेल न घालता तापलेल्या लोखंडी तव्यावर तीन-चार मिनिटं हलवा. क्रिस्पी ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर सहा ते आठ मिनिटं, जाळीवर ठेवून, म्हणजे खालची बाजूही सुकते.