कूपरच्या जंगलाचा सातबारा

१७८६ च्या जानेवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेरीफने ऑट्सिगो तळ्याकाठची सुमारे ४०,००० एकर जमीन लिलावात काढली. सगळी डोंगराळ, दाट झाडीची. जमिनीचा मूळ मालक जॉर्ज क्रोगन कर्जात बुडून चार वर्षांपूर्वी वारला होता. जमीन त्याने हयातीतच गहाण टाकली होती, आणि गहाण घेणारा अमेरिकन क्रांतीत ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिल्यामुळे इंग्लंडात परागंदा झालेला. क्रोगनच्या वारसांचा विरोध होताच. तरी लिलाव झाला आणि न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनच्या दोघा भागीदारांनी जमीन घेतली. त्यांतला एक विल्यम कूपर. हा आधी गाड्यांची चाकं करायचा, मग दुकानदार झाला, आणि या व्यवहारानंतर जमीनदार.

तीन वर्षांनी, १७८९ मध्ये, याच विल्यमच्या घरी पुढे कादंबरीकार झालेला जेम्स फेनिमोर कूपर जन्मला. त्याच्यावर निसर्गाचा प्रभाव कसा पडला हे सांगायचं तर तळं, पाइनची झाडं, हरणं, बर्फ अशी यादी देण्याची पद्धत आहे. ती काही खोटी नाही. मूल वर्षभराचं असताना घर ऑट्सिगोला हललं आणि तळ्याच्या दक्षिण टोकाला, जिथून ससक्वेहाना नदी निघते तिथे, बापाने आखलेल्या कूपर्सटाउन गावात ते वाढलं. पण या सगळ्या निसर्गाखाली एक वादग्रस्त खरेदीखत पुरलेलं होतं. ते बाजूला ठेवून वाचलं तर निम्मा कूपर हातातून निसटतो.

क्रोगनकडे ही जमीन आली कशी, याचं उत्तर १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात आहे. इरोक्वॉइ या आदिवासी जमातींच्या संघाने त्या तहात एक सीमारेषा मान्य केली. रेषेच्या पूर्वेचा मुलूख वसाहतवाल्यांना खुला झाला आणि तहाच्या वाटाघाटींत स्वतः वावरलेल्या क्रोगनने लगेच ऑट्सिगोवर सनद मिळवली. पुढे क्रांतीच्या काळात, १७७९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन जनरल जेम्स क्लिंटनची फौज या तळ्यावर येऊन थांबली. नदीला होड्या तरंगतील एवढं पाणी नव्हतं. तेव्हा सैनिकांनी तळ्याच्या तोंडाशी बांध घातला, पाणी चढू दिलं, आणि ऑगस्टमध्ये बांध फोडून त्या लोंढ्यावर दोनशेहून अधिक होड्या खाली सोडल्या. खाली दुसऱ्या फौजेला मिळून त्यांनी इरोक्वॉइंची चाळीसेक गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. हे सगळं उरकून सहाच वर्षं झाली होती तेव्हा विल्यम कूपर पहिल्यांदा तिथे आला. त्याने नंतर लिहून ठेवलं की १७८५ मध्ये या खडबडीत मुलखात एकही रहिवासी नव्हता, रस्त्याचा मागमूसही नव्हता. वाक्य खरं आहे. रहिवासी का नव्हते, तेवढं त्यात नाही.

जमीन विकण्याची विल्यमची तऱ्हा त्या काळच्या मानाने धाडसी होती. न्यूयॉर्कचे जुने जमीनदार कुळं ठेवायचे आणि पिढ्यानपिढ्या खंड घ्यायचे. याने तुकडे पाडून थेट मालकी विकली, पैसे हप्त्याने घेतले, तारण म्हणून तीच जमीन लिहून घेतली. सगळी जमीन सोळा दिवसांत गेली असा त्याचाच दावा आहे. मेपलच्या झाडापासून साखर काढून कॅरिबियन बेटांवरच्या, गुलामांच्या श्रमाने पिकणाऱ्या उसाच्या साखरेला पर्याय द्यायचा, या फिलाडेल्फियातल्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथीयांच्या योजनेतही तो उतरला. योजना फसली, पण मेपलची चूल आणि काहिली मुलाच्या डोक्यात पक्की बसली.

या मुलाने १८२३ मध्ये ‘द पायोनियर्स’ लिहिली तेव्हा कूपर्सटाउनचं टेम्पलटन झालं आणि बाप न्यायाधीश मार्मड्यूक टेम्पल. नॅटी बम्पो हा म्हातारा शिकारी याच पुस्तकात पहिल्यांदा येतो. बंदीच्या काळात हरीण मारल्यावरून झडतीला आलेल्यांना तो बंदूक दाखवून हाकलतो, म्हणून त्याला पकडलं जातं. त्याचं म्हणणं साधं: तुमचे कायदे यायच्या आधी चाळीस वर्षं मी इथे शिकार करतोय. न्यायाधीश म्हणतो, कायदा नसेल तर जंगलच उरणार नाही. दोघंही बरोबर आहेत आणि लेखक कोणाच्याच बाजूने ठाम उभा राहत नाही. पुस्तकाचं बळ इथेच आहे.

त्यातला कबुतरांचा प्रसंग थोडा थांबून वाचावा. वसंतात प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून येतात, सगळं गाव बंदुका घेऊन निघतं, आणि कोणीतरी एक छोटी तोफ ओढत आणतो. ही तोफ गाव वसवताना जमिनीत सापडलेली, आदिवासींच्या वस्त्यांवर चालून गेलेल्या गोऱ्यांच्या कुठल्याशा टोळीने मागे टाकलेली, असं कूपर एका ओळीत सांगून पुढे जातो. त्या मुलखात अशी मोठी स्वारी झाली होती ती क्लिंटनची. तेव्हा वस्त्यांवर चालून गेलेली तोफ आता पाखरांवर डागली जाते. मेलेली कबुतरं कोणी उचलतसुद्धा नाही, आणि एकटा नॅटी संतापतो. या जातीचं शेवटचं कबुतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. कूपरने शंभरेक वर्षं आधी ते ओळखलं होतं असं म्हणणं जास्तीचं होईल, पण त्या पानावरचा राग लटका नाही.

आणि खरेदीखत? त्याचा निकाल कादंबरीत फार सोयीस्कर लागतो. तरुण ऑलिव्हर एडवर्ड्स आदिवासी रक्ताचा आहे, जमिनीवर त्याचा हक्क आहे, अशी कुजबुज पुस्तकभर चालते. शेवटी कळतं की तो पूर्ण गोरा आहे, राजनिष्ठ एफिंगहॅम घराण्याचा वारस आहे, आणि न्यायाधीशाने जप्तीतली जमीन स्वस्तात घेतली ती त्याच घराण्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळायला. न्यायाधीशाच्या मुलीशी त्याचं लग्न लागतं आणि तंटा मिटतो. खऱ्या आयुष्यात क्रोगनच्या वारसांना आणि इंग्लंडातल्या त्या गहाणदाराला असं काही मिळालं नाही. हा गहाणदार म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम. बापावरचा आळ मुलाने कागदावर धुऊन काढला, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे.

धुण्याची गरजही तशी होती. विल्यम कूपर १८०९ मध्ये वारला तेव्हा कागदावर इस्टेट अफाट होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत सगळे थोरले भाऊ गेले, येणेकऱ्यांचे दावे लागले, आणि बापाने बांधलेली हवेलीही गेली. जंगलावरची मालकी गेल्यावर कूपरने जंगल लिहायला घेतलं. पैशाची निकड हेही त्यामागचं एक कारण होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकीच्या भूभागांची हकिकत लहान आहे. ‘द स्पाय’ (१८२१) घडते वेस्टचेस्टरमध्ये, जिथे क्रांतीत ब्रिटिशांचं न्यूयॉर्क शहर आणि अमेरिकनांचे डोंगरी तळ यांच्यामधली पट्टी दोन्हीकडच्या लुटारूंनी नागवली होती. बायको त्याच भागातल्या राजनिष्ठ घराण्यातली, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गोष्टी घरात बसून ऐकायला मिळाल्या. नौदलात असताना ऑन्टारिओ सरोवरावर ऑस्विगोला काढलेला हिवाळा तीस वर्षांनी ‘द पाथफाइंडर’मध्ये उपयोगी पडला. ‘द प्रेअरी’मधलं गवताळ मैदान त्याने कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही. एका सरकारी मोहिमेचा वृत्तांत समोर ठेवून ते लिहिलं, आणि दर्यावर्दी माणूस असल्याने ते मैदान वाचताना समुद्रासारखं हलतं.

१८२४ च्या उन्हाळ्यात काही तरुण इंग्रज पाहुण्यांबरोबर तो ग्लेन्स फॉल्सला गेला. हडसन नदीतल्या तिथल्या खडकात गुहा आहेत. त्या पाहतानाच त्याला कादंबरी सुचली आणि १८२६ मध्ये ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ आली. कथेतल्या जॉर्ज सरोवराचं इंग्रजी नाव त्याला रुक्ष वाटलं, फ्रेंच नाव लांबलचक, म्हणून त्याने ‘होरिकन’ हे नाव चालवलं. फोर्ट विल्यम हेन्री या ब्रिटिश किल्ल्याजवळ झालेल्या १७५७ च्या कत्तलीत बळी किती, तर कादंबरीत पाचशे ते पंधराशे. अलीकडच्या इतिहासकारांच्या हिशेबाने दोनशेच्या आत. हडसनकाठचे मोहिकन आणि कनेक्टिकटचे मोहेगन या दोन वेगळ्या समाजांची त्याने सरमिसळ केली. कादंबरीतल्या तरुण मोहिकनाचं अंकस हे नाव मोहेगनांच्या सतराव्या शतकातल्या सरदाराचं. आणि ‘शेवटचा’ म्हणाल, तर पुस्तक छापलं जात असताना स्टॉकब्रिजचे मोहिकन न्यूयॉर्कमधून निघून विस्कॉन्सिनकडे सरकत होते. आजही तिथे त्यांची राखीव जमीन आहे. मोहेगन तर कनेक्टिकट सोडून गेलेच नाहीत.

आता थ्री माइल पॉइंट. कूपरच्या चरित्रांत या प्रकरणाला म्हाताऱ्याचा चिडखोरपणा म्हणून अर्धं पान मिळतं. वास्तविक त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांतलं भांडण इथे गावच्या चावडीवर आलं.

तळ्याच्या पश्चिम काठावर, गावापासून तीन मैलांवर, पाण्यात शिरलेला जमिनीचा एक तुकडा आहे. विल्यम कूपरने मृत्युपत्रात तो सगळ्या वंशजांना १८५० पर्यंत सामाईक ठेवला होता, नंतर कूपर नावाच्या सर्वांत धाकट्या वंशजाला. जेम्स १८२६ ते १८३३ युरोपात होता. तोपर्यंत लोक तिथे सहलीला जायचे, चुली मांडायचे, मासे भाजायचे. ही जागा विल्यमने गावाला दिली असाच समज रूढ झाला. एका पिढीला तर दुसरं काही माहीतच नव्हतं. कूपर परतला, १८३४ मध्ये हवेली परत विकत घेतली, तिला गॉथिक धर्तीचा नवा साज चढवला. मग पॉइंटवरचं एक झाड तोडलं गेलं, छोट्या घराची नासधूस झाली, आणि १८३७ च्या जुलैमध्ये त्याने तिथे येण्यास मनाई केल्याची जाहीर नोटीस काढली.

गावाने सभा भरवली. ठराव झाले: नोटिशीला भीक घालायची नाही, आणि कूपरची पुस्तकं वाचनालयातून काढून टाकायची. ज्या गावाला त्याने जगाच्या नकाशावर आणलं त्याच गावाने.

कायद्याने कूपरचं म्हणणं बिनतोड होतं. तो मृत्युपत्राचा व्यवस्थापक होता, जागा त्याच्या एकट्याची नव्हती, दुसऱ्यांची मिळकत खैरातीत वाटण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि परवानगी मागणाऱ्याला ती द्यायची त्याची तयारी होती. पण वहिवाट म्हणून काही असतं की नाही? तुमच्या कायद्याआधीपासून आम्ही इथे येतोय, हे वाक्य नॅटीच्या तोंडी त्यानेच घातलं होतं. चौदा वर्षांनी गावकऱ्यांनी तेच त्याला ऐकवलं आणि लेखक न्यायाधीश टेम्पलच्या खुर्चीत बसला. फरक एवढाच की कादंबरीतल्या न्यायाधीशाला मनातून अपराधी वाटत असे. ज्या घराण्याची मालकीच हिवाळ्यातल्या एका लिलावावर उभी, त्याने कागदाच्या पावित्र्याबद्दल एवढा आवाज चढवावा याची गंमत तेव्हा कोणाला वाटली नसावी, कारण क्रोगनचं नाव तोवर विस्मृतीत गेलं होतं.

वर्तमानपत्रांनी चुकीची माहिती छापली आणि दुरुस्ती करायला नकार दिला. कूपरने पुढच्याच वर्षी ‘होम अॅज फाउंड’ लिहून त्यात हे सगळं प्रकरण घातलं. नायकाचं घराणं पुन्हा एफिंगहॅम. मग तर संपादकांना रानच मोकळं मिळालं. एफिंगहॅम म्हणजे कूपर स्वतः असं धरून ते त्याची टर उडवू लागले. त्याने अब्रुनुकसानीचे खटले लावले आणि बहुतेक जिंकले. गावातल्याच एका संपादकाविरुद्ध १८३९ मध्ये ४०० डॉलर मिळाले, न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या संपादकाविरुद्ध १८४२ मध्ये २००. लोकमत मात्र पार हातचं गेलं.

या भांडणाच्या ऐन भरात, १८४१ मध्ये, त्याने ‘द डीअरस्लेअर’ लिहिली. तळं तेच, पण काळ शंभर वर्षं मागे नेलेला. काठावर गाव नाही, नोटीस लावायला खांब नाही, नॅटी जेमतेम विशीतला. तळ्याला त्याने ‘ग्लिमरग्लास’ म्हटलं. तळ्यातून नदी निघते तिथे पाण्यातून वर आलेला तो गोल खडक, आदिवासींच्या भेटीची जागा, जसाच्या तसा आहे. त्याचं सर्वांत नितळ निसर्गवर्णन या पुस्तकात आहे, आणि मला त्याचं कारण उघड दिसतं: त्या तळ्याला अजून मालक नव्हता.

तेवढ्यात हडसन खोऱ्यातल्या कुळांनी खंड द्यायला नकार दिला. आदिवासींचे वेश चढवून, तोंडावर मुखवटे लावून कुळं शेरीफांना पिटाळू लागली. कूपरने जमीनदारांची बाजू घेऊन १८४५-४६ मध्ये ओळीने तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत मोजणीदाराची साखळी आहे, सनदा आहेत, चोरून झाडं तोडणारे आहेत, आणि पानोपानी व्याख्यान. आज त्या फारसं कोणी वाचत नाही. वाचायला हव्यात, निदान मधली, कारण मोजणीची साखळी जंगलात पहिल्यांदा ओढली जाते तेव्हा नेमकं काय होतं हे त्या काळच्या अमेरिकन कादंबरीत इतक्या तपशिलाने क्वचितच आलं आहे.

कूपर १८५१ मध्ये गेला. आदल्याच वर्षी त्याच्या मुलीने, सुझनने, याच गावातल्या झाडापाखरांची वर्षभराची टिपणं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. तोडलेल्या जंगलाबद्दलची तिची भाषा बापापेक्षा जास्त रोखठोक आहे. गाव नंतर बेसबॉलच्या संग्रहालयासाठी प्रसिद्ध झालं. तळ्याकाठच्या ऑपेरा महोत्सवाने १९७५ मध्ये ‘ग्लिमरग्लास’ हे नाव घेतलं, आणि जॉर्ज सरोवराच्या आसपासच्या एका वस्तीला तर १८३८ पासूनच होरिकन म्हणतात. थ्री माइल पॉइंट आता गावाच्या मालकीचं उद्यान आहे, आणि उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला जातात.