आरे-गुंफण (सायकलचे चाक)

हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) दोन फ्लँजांतील, म्हणजे कडेच्या चकत्यांतील, भोकांतून तारेचे आरे ओवून ते निपलने (लहान नटाने) रिमला, म्हणजे चाकाच्या कड्याला, आवळण्याची रीत. तारेचा आरा दाबाखाली वाकतो, म्हणून सर्व आरे आधीच ताणून ठेवतात. हब वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो की खालच्यांवर उभा, हा जुना वाद आहे. बोजा आल्यावर मुख्यतः जमिनीलगतच्या आऱ्यांचाच ताण कमी होतो. त्यामुळे दुसरे मत, ऐकायला विचित्र असले तरी, अधिक जुळते.

तारेच्या चाकाचे श्रेय बराच काळ इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांना दिले जाई. मात्र ताणलेल्या आऱ्यांची कल्पना इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांच्या १८०८ च्या सुमाराच्या टिपणांत आढळते. सायकलपुरते पाहता पॅरिसच्या यूजीन मेयर यांचे १८६९ चे पेटंट आधीचे असून अलीकडचे अभ्यासक त्यालाच अग्रक्रम देतात. स्टार्ली व विल्यम हिलमन यांच्या १८७० च्या ‘एरियल’ सायकलमध्ये आरे त्रिज्येच्या दिशेने सरळ होते. अशा आऱ्यांना हबचा पीळ रिमपर्यंत नीट नेता येत नाही. स्टार्ली यांनी १८७४ मध्ये स्पर्शिकेच्या दिशेने जाणाऱ्या आऱ्यांचे पेटंट घेतले. आजची गुंफण त्याच वळणाची आहे.

एक आरा त्याच बाजूच्या उलट दिशेच्या जितक्या आऱ्यांना छेदतो, तितके ‘क्रॉस’. फ्लँजलगतचा छेदही यात धरतात. हबच्या केंद्रापाशी आऱ्याचे हबवरील भोक आणि रिमवरील भोक यांत होणारा कोन म्हणजे ७२० अंशांना एकूण आऱ्यांनी भागून क्रॉसने गुणले की येणारी संख्या. ३६ आऱ्यांत तीन क्रॉसला ६०°, चारला ८०°. ३२ आऱ्यांत चार क्रॉसला नेमके ९०° भरतात, पण मग आरा शेजारच्या आऱ्याच्या डोक्यावर चढतो. म्हणून तिथे तीनच क्रॉस रूढ आहेत. शेवटच्या छेदाला फ्लँजच्या बाहेरून जाणारा आरा आतून जाणाऱ्याच्या खालून काढतात. साखळीच्या मागच्या चाकाला किंवा डिस्क ब्रेकला त्रिज्य गुंफण चालत नाही. रिम-ब्रेकच्या पुढच्या चाकाला चालते, मात्र फ्लँजवर ताण अधिक येतो.

व्हॉल्व्हचे भोक जवळजवळ समांतर जाणाऱ्या दोन आऱ्यांच्या मध्ये यावे लागते. पहिला आरा एक भोक चुकला, तर व्हॉल्व्हच्या डोक्यावरच आरे एकमेकांना छेदतात आणि पंपाचे तोंड आत शिरत नाही. चाक मग पुन्हा उकलावे लागते.