बाभळीचा काटा आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब

लहान मुलांना विज्ञान हातांनी करून शिकवायचं म्हटलं की आपल्याला अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्यांची खेळणी आठवतात. ती नुसती एका कल्पक माणसाची करामत नव्हे. त्यांचं मूळ मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून अनिल सद्गोपाल तिथे गेले आणि त्यांनी किशोर भारती ही संस्था उभी केली. १९७२ साली या संस्थेनं आणि तिथल्याच रसूलिया गावच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थेनं १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान नव्यानं शिकवायला घेतलं. मुलं चार-चारच्या टोळ्या करून बसत, प्रयोग करत आणि काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. फुलाचे भाग सुटे करायला सुई लागते. खेड्यात ती कुठून आणायची? बाभळी मात्र शाळेभोवती हव्या तेवढ्या. काट्यानं तेच काम झालं, तेही फुकटात.

माझ्या मते या कामाचा खरा कणा साहित्याच्या पेटीत नव्हताच. उन्हाळी शिबिरांत विद्यापीठांतले प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ गावच्या गुरुजींबरोबर बसून तेच प्रयोग करत. गुरुजी दर महिन्याला एकत्र जमून वर्गातल्या अडचणी मांडत. 'मला माहीत नाही, करून बघू' असं मुलांसमोर म्हणायला शिक्षकाला किती धीर लागतो, हे वर्गात उभं राहिलेल्यालाच कळेल. परीक्षाही बदलली: पुस्तक उघडं ठेवून लिहायचं आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवायचा. मुलांच्या मनात येतील ते प्रश्न पत्रानं विचारायला 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. त्याच्या नावानं आलेल्या पत्रांना खरोखर उत्तरं जात.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीतून रजा काढून अरविंद गुप्ता तिथे पोचले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, बोटभर कापायची आणि दोन्हीकडून काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चौकोन मात्र लगेच कलंडतो. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात, हे चौथीतल्या पोरालाही बोटांनी कळतं.

महाराष्ट्रातही हालचाल होतीच. टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केलं होतं. त्यातूनच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं आणि पुढे जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांपर्यंत गेलं.

१९८२ मध्ये होशंगाबादचं काम 'एकलव्य' संस्थेकडे आलं आणि शेजारच्या जिल्ह्यांतही वाढलं. २००२ साली मध्य प्रदेश सरकारनं ते बंद केलं. तीस वर्षांचं काम असं थांबलं, याची हळहळ आजही वाटते. त्यानंतर वर्षभरातच गुप्ता पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, काम करू लागले. पु. लं.च्या आठवणीनं 'पुलस्त्य' नाव दिलेल्या तिथल्या इमारतीत शाळाशाळांतली मुलं काड्या आणि ट्यूब हाती घेऊन बसू लागली. खेळणी महाराष्ट्रभर गेली. गुरुजींची दरमहाची बैठक आणि उघड्या पुस्तकाची परीक्षा मात्र त्यांच्यासोबत आली नाही.