‘नेट झालंय’ एवढ्यावर फॉर्म भरत नाही, स्कोअरकार्ड आणा

पीएचडीचे आणि प्रोजेक्टवरच्या जागांचे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या ग्राहकांसाठी

“काका, माझं नेट झालंय, फॉर्म भरा.” ताळगावच्या आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. मग अर्धा तास आमचा एकच प्रश्न: कुठल्या कॅटेगरीत?

जून 2024 पासून यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल तीन कॅटेगरींत लागतो. पहिलीत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, सोबत सहायक प्राध्यापकाची पात्रता. दुसरीत सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश. तिसरीत नुसता पीएचडी प्रवेश. महिना 37,000 ची फेलोशिप पहिलीलाच. दुसरी-तिसरीचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून स्कोअरकार्डावरची तारीखही आम्ही बघतो. तिसऱ्या कॅटेगरीतला मुलगा घाईत ‘जेआरएफ : होय’वर टिक करायला लावतो आणि कागद तपासायच्या दिवशी घरी परततो. बोल मात्र आम्हाला लागतो.

दुसरा घोळ त्याच शब्दाचा. ‘जेआरएफ’ हे परीक्षेतून मिळणाऱ्या फेलोशिपचं नाव, आणि प्रोजेक्टमधल्या जागेचंही. दोनापावलच्या एनआयओसारख्या (समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) संस्थेची किंवा विद्यापीठाच्या विज्ञान विभागाची जाहिरात आली की ती बहुतेक वेळा प्रोजेक्टची असते. प्रोजेक्ट संपला की जागा संपली. तिथे निवड झाली म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला असं नाही. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. उलट, अशा जागेला दुसऱ्या कॅटेगरीचं नेट किंवा गेट ही इंजिनीअरिंग-विज्ञानाची परीक्षाही कित्येकदा चालते, तेव्हा जेआरएफ हुकली म्हणून जाहिरात न वाचताच सोडू नका. मराठी, कोंकणी, इतिहासवाल्यांना प्रोजेक्टच्या जागा कमीच. त्यांचा मुख्य आधार यूजीसीची जेआरएफ.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर आलेल्या, अर्ध्या कापलेल्या स्क्रीनशॉटवरून आम्ही अर्ज भरत नाही. पूर्ण जाहिरात पाठवा, पीडीएफच. काहींना हा आमचा आगाऊपणा वाटतो. दुसरीकडे दहा मिनिटांत भरून देतात, असंही ऐकवतात. देत असतील. आम्ही आधी वाचतो, मग टाइप करतो, आणि वाचण्याचे पैसे लावत नाही.

नावाचं स्पेलिंग घरूनच बघून या. आपल्या गोव्यात एकाच माणसाच्या देसाईत दहावीच्या सर्टिफिकेटवर दोन एस आणि आधारवर एक. कामत कुठे ‘सी’चे, कुठे ‘के’चे. अर्जात दहावीचं नाव घालायचं की आधारवरचं, हे जाहिरातीत दिलेलं असेल तर तसंच. नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मसुदा आमच्याकडे तयार असतो.

येताना स्कोअरकार्ड, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, जातीचा दाखला असेल तर तो, आणि स्वतःचा ईमेल पासवर्डासकट लक्षात ठेवून या. ओटीपी तुमच्याच फोनवर येतो, म्हणून वडिलांना एकटं पाठवू नका. स्कॅनिंग, पीडीएफचा आकार कमी करणं, बायोडेटा, सगळं इथेच होतं. आमच्याकडून अर्ज भरलेले काहीजण पुढे थीसिस बाइंडिंगलाही आमच्याकडेच आले.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी या. रात्री अकराला साइट अडकते, पावसात वीजही जाते, आणि चवथीला दुकान बंद असतं.